सेटिंग करून ठेवलंय

“सेटिंग करून ठेवलंय. पहिला पीस चेक करून बघ, बरोबर आला तर माल पुढं सोडून दे. काल दोन पीस तसेच निघून गेले होते, आज तसं होऊ देऊ नको.”

भोसरीतल्या लहान प्रेस शॉपपासून चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या मोठ्या कारखान्यांपर्यंत, शिफ्ट बदलताना या धाटणीचं बोलणं रोज होतं. जाणारा ऑपरेटर येणाऱ्याच्या हाती मशीन सोपवतो, चार वाक्यं बोलतो आणि बस पकडायला निघतो. ही वाक्यं कोणी जपत नाही. तरीही बोलत्या मराठी गद्याचा हा फार चांगला नमुना आहे, आणि एखाद्या कवितेइतक्याच काळजीनं तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

त्याचं बळ नामांत नाही. सेटिंग, पीस, माल ही नामं कुठूनही आलेली. मुख्य क्रियापदंही साधी आहेत, करणं, सोडणं, निघणं, होणं. सगळी ताकद त्यांच्या मागं उभ्या असलेल्या शब्दांत आहे: ठेवलंय, बघ, दे, गेले होते, देऊ नको. शाळेत यांना सहायक क्रियापदं म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं, आणि पुढं पाठ्यपुस्तकांतून हा विषय एका नियमात बसला: धातुसाधित आणि सहायक क्रियापद मिळून एकच क्रिया सांगत असतील तर ते संयुक्त क्रियापद. नियम बरोबर आहे. पण काय घडलं हे मुख्य क्रियापद सांगतं; ते कोणासाठी घडलं, पुरतं झालं की अर्धवट राहिलं, हेतूनं झालं की हातून सुटलं, आणि त्याची जबाबदारी आता कोणावर आहे, हे सगळं सहायक सांगतं. जिथं काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं, तिथं ही माहिती कामापेक्षा कमी महत्त्वाची नसते.

पहिला शब्द घेऊ, ‘करून ठेवलंय’. नुसतं ‘सेटिंग केलं’ म्हटलं असतं तर ती एक घडून गेलेली गोष्ट झाली असती. ‘ठेवणं’ आलं की त्या कामाला पुढचा काळ मिळतो. कोणीतरी नंतर येणार आहे, त्याला हे लागणार आहे, म्हणून आधीच केलं आणि तसंच राखलं. घरात भाजी चिरून ठेवतात, परीक्षेच्या आदल्या रात्री पेन काढून ठेवतात, त्यातलंच हे ठेवणं. एका सहायकात येणाऱ्या माणसाचा विचार मावला आहे. त्याच्या जागी ‘सेटिंग करून टाकलंय’ असं कोणी म्हणालं, तर अनुभवी ऑपरेटर सावध होईल. ‘टाकणं’ काम संपवतं, डोक्यावरचं ओझं उतरवतं, त्यात सुटकेचा श्वास आहे आणि थोडी घाईही आहे. टाकलेल्या सेटिंगवर पुन्हा एकदा गेज लावून बघावं लागतं.

इथंच शाळेतला नियम गमतीदार अडचणीत येतो. ‘बोल्ट काढून ठेव’ यात क्रिया किती? बोल्ट काढायचा आणि ट्रेमध्ये ठेवायचा, अशा दोन असू शकतात. किंवा पुढच्या कामासाठी आधीच सोडवून ठेवायचा, अशी एकच. ‘जुना बोल्ट काढून टाक’ यातही तेच: काढ आणि फेक, की कायमचा काढ? लिहिलेल्या वाक्यात हा प्रश्न सुटत नाही, बोलणाऱ्याच्या सुरात सुटतो. ठेवणं, टाकणं, देणं, घेणं ही हातांनी करायची कामं होती. त्यांतला हात हळूहळू पुसट होत गेला आणि मागं दिशा तेवढी उरली. पण कारखान्यात हात अजून काम करतो, म्हणून तिथल्या बोलण्यात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत राहतात. कचेरीतल्या मराठीला हे सुख नाही.

आणि सूर बदलला की हेच ‘ठेवलंय’ रागावतं. “काय करून ठेवलंयस हे!” शब्द तेच, काळ तोच, फक्त आता मागं राहिलेली गोष्ट कामाची नसून घोटाळ्याची आहे. ‘ठेवणं’ म्हणजे परिणाम मागं राहणं. तो परिणाम चांगला की वाईट, यात ते पडत नाही.

‘ठेवलंय’च्या शेवटच्या ‘य’कडंही बघायला हवं. तो ‘आहे’ आहे. ठेवलं आहे, ठेवलंय. आला आहे, आलाय. करतो आहे, करतोय. मराठीतलं सगळ्यांत जास्त राबणारं सहायक बोलताना एवढं आकसतं की कानाला एक अक्षर पुरतं, आणि तरीही ते ‘आत्ता या घडीला’ हा अर्थ सोडत नाही. ‘ठेवलं’ आणि ‘ठेवलंय’ यांत फरक हाच, की दुसऱ्यात सेटिंग अजून तसंच आहे याची हमी आहे. याच ‘असणं’ची दुसरी रूपं आणली की हमी पातळ होत जाते. ‘ग्रीस लावलंय’ ही साक्ष. ‘ग्रीस लावलं असणार’ हा भरवसा, ‘लावलं असावं’ हा खुणांवरून काढलेला निष्कर्ष, आणि ‘लावलं असेल’ हा अंदाज. मशीन बिघडल्यावर सुपरवायझर विचारतो तेव्हा यातलं कोणतं रूप तोंडून निघतं यावर पुढची सगळी चर्चा ठरते. ज्ञानाची प्रत सांगण्याची ही सोय आपल्या भाषेत किती सहज बसली आहे, याचा आपल्याला पत्ताही नसतो.

आता ‘चेक करून बघ’. नुसता ‘चेक कर’ हा हुकूम आहे, त्याचा निकाल जणू आधीच ठरलेला. ‘करून बघ’ निकाल उघडा ठेवतं. पीस बरोबर येईलही, येणारही नाही. कर, आणि मग काय होतं ते बघ. जागा तीच ठेवून सहायक बदलून पाहा. ‘चेक करून घे’ म्हटलं तर ती काळजी ऐकणाऱ्याच्या भल्याची होते, उद्या तुझ्यावर येऊ नये म्हणून. ‘चेक करून दे’ म्हटलं तर ते माझ्यासाठी. ‘चेक करून टाक’ म्हणजे उरकून घे. मशीन तेच, गेज तोच, माणसांमधलं नातं मात्र चार तऱ्हांचं.

हे ‘करून बघणं’ आपलं एकट्याचं नाही, आणि या पट्ट्यात ही गोष्ट विशेष लक्षात येते. इथल्या कारखान्यांच्या भिंतींवर ‘कायझेन’, ‘पोकायोके’ असे जपानी शब्द मराठी पोस्टरांत नांदतात. ती नामं बाहेरून आणावी लागली. पण त्या पद्धतीच्या मुळाशी असलेली, थोडं बदलून पाहण्याची क्रिया सांगायला मराठीला काहीच आणावं लागलं नाही. जपानीत ‘यात्ते मिरु’ म्हणतात: यात्ते म्हणजे करून, मिरु म्हणजे बघणं. ‘यात्ते ओकु’ म्हणजे करून ठेवणं, आणि तिथलं ‘ओकु’सुद्धा वस्तू ठेवण्याचंच क्रियापद आहे. कोरियनमध्येही ‘बघणं’ या अर्थाचं ‘बोदा’ असंच मागं लागतं. कानडीत ‘माडि नोडु’, तमिळमध्ये ‘सेय्दु पार’, हिंदीत ‘करके देखो’. मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हा एकच भाषिक प्रदेश म्हणून वाचता येतो असं मांडलं. कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या पुस्तकात अशा जोडक्रियापदांचा पसारा भारताबाहेर आशियात दूरवर पसरलेला दाखवला. मराठी आणि जपानी यांची अशी शेजारी ठेवून तुलना प्रशांत परदेशी यांनी जपानमध्ये राहून केली आहे. या दोन भाषांचं कुळाचं नातं सिद्ध नाही. तरी पुण्यात जपानी शिकून दुभाषाचं काम करणाऱ्या मुलीला ‘ते मिरु’ समजावून सांगावं लागत नसेल. ती ते लहानपणापासून म्हणत आली आहे.

‘म्हणत आली आहे’. यात ‘येणं’ हे सहायक भूतकाळातून वर्तमानाकडं चालत येतं. लिहितानाही ही सहायकं अशी मध्येच हजर होतात.

‘माल पुढं सोडून दे’ यातलं ‘दे’ बाहेरच्या दिशेनं बोट दाखवतं. घेणं आत वळतं, देणं बाहेर जातं: जेवून घे, पाठवून दे, समजून घे, सांगून दे. माल आपल्या हातून सुटला, आता पुढच्या स्टेशनचा. याच ‘दे’चा आणखी एक संसार आहे, आणि त्याला वेगळं करणारं अंतर फक्त एका ‘न’चं आहे. ‘मला करून दे’ म्हणजे तू कर. ‘मला करू दे’ म्हणजे मी करतो, तू अडवू नको. आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या अप्रेंटिसच्या तोंडी पहिल्या महिन्यात पहिलं वाक्य असतं. दुसरं वाक्य ज्या दिवशी येतं, त्या दिवशी तो कारागीर व्हायला लागलेला असतो.

आता त्या बोलण्यातला सर्वांत नाजूक भाग. ‘काल दोन पीस तसेच निघून गेले होते.’ कोणी पाठवले? वाक्य सांगत नाही. ‘दोन पीस तसेच पाठवून दिले’ म्हटलं असतं तर कोणीतरी कर्ता मागितला गेला असता, त्याला ‘ने’ लागला असता, आणि तो कदाचित समोरचाच निघाला असता. ‘जाणं’ कर्त्याचा हात सोडवून घेतं. हे निव्वळ सूचन नाही, व्याकरणच तसं वागतं. ‘तो विसरून गेला’, पण ‘त्यानं विसरून टाकलं’. विसरणं दोन्हीकडं एकच. ‘जाणं’ आलं तर ‘तो’ नुसता उभा, ‘टाकणं’ आलं तर त्याला ‘नं’ चिकटतो आणि विसरण्याची करणी त्याच्या नावावर लागते. सहायक म्हणवणारा शब्द सगळ्या वाक्याची मांडणी ठरवतो. ज्याच्या हुकमानं कर्त्याला प्रत्यय लागतो, त्याला दुय्यम म्हणताना मला संकोच वाटतो.

शेवटचं ‘होते’ही तसंच शहाणं आहे. ‘पीस निघून गेले’ ही बातमी झाली असती. ‘गेले होते’ म्हटलं की बातमी मागं सरते आणि आजच्या सूचनेची पार्श्वभूमी बनते. दोष सांगितला, पण दोष देण्यासाठी नाही.

मात्र कर्ता लपवण्याची हीच सोय दुसरीकडं घातक ठरते, आणि तिथं रसिकानं गप्प राहू नये. प्रेसवर काम करताना बोटं जाण्याचे अपघात या पट्ट्याला नवीन नाहीत. त्याबद्दल बोलताना लोक म्हणतात, “तो बोट गमावून बसला.” या ‘बसण्या’त एक निवाडा दडलेला आहे. करून बसला, बोलून बसला, हरवून बसला. जिथं माणसानं स्वतःच्या चुकीनं किंवा भोळेपणानं स्वतःचं नुकसान करून घेतलं, तिथं मराठी ‘बसणं’ वापरते. ‘बोट घालून घेतलं’ म्हटलं तर ते आणखी कठोर, कारण ‘घेणं’ फळ कर्त्याच्याच पदरात घालतं. प्रेसला सेन्सर होता का, गार्ड कोणी काढून ठेवला होता, किती तास सलग काम झालं होतं, यातलं काहीही विचारण्याआधी सहायकानं आरोपी ठरवून टाकलेला असतो. बोलणाऱ्याचा तसा हेतू नसतोही. म्हणून तर ते जपून वापरायला हवं.

‘पडणं’ही असंच तोलून बघण्यासारखं आहे. मशीन बंद केलं, बंद झालं, बंद पडलं, बंद ठेवलं. पहिल्यात कर्ता आहे, दुसऱ्यात घटना आहे, तिसऱ्यात अवचित आलेलं संकट आहे, चौथ्यात निर्णय आहे. एखाद्या कारखान्याबद्दल गाव म्हणतं, “कंपनी बंद पडली.” तिथं वीस वर्षं काम केलेला माणूस म्हणतो, “बंद केली.” दोघं एकाच फाटकाकडं बघत असतात. त्या फाटकावरची नोटीस तिसरंच म्हणते: अनिश्चित काळासाठी बंद ठेवण्यात येत आहे. ठेवणं, येणं आणि आहे अशी तीन क्रियापदं एकामागं एक, आणि त्यांत एकही माणूस नाही. सरकारी आणि कंपनीच्या मराठीतलं हे ‘करण्यात येत आहे’ शिफ्टच्या त्या बोलण्याशेजारी ठेवून वाचा. ‘करून ठेवलंय’मध्येही ‘मी’ उच्चारलेला नाही, पण तो पूर्णपणे हजर आहे. ‘ठेवण्यात येत आहे’मधून तो काळजीपूर्वक काढलेला आहे. कर्ता न सांगण्याच्या या दोन रीती मला एका पंक्तीत बसवता येत नाहीत. एकीत भरवसा आहे, दुसरीत पळवाट.

सक्तीच्या क्रियापदांकडं धावतं पाहू. ‘हेल्मेट घातलं पाहिजे’ हा फलक. यातलं ‘पाहिजे’ मुळात ‘पाहणं’चं जुनं कर्मणी रूप, आता ते गोठून आज्ञा झालं आहे, तरी ‘बूट घातले पाहिजेत’ म्हणताना त्याला अनेकवचनाचा ‘त’ अजून फुटतो. ‘घालावं लागतं’ म्हटलं की सक्ती बाहेरून येते, सेफ्टी ऑफिसर उभा राहतो. ‘घालायला हवं’ हा सल्ला. पण निवृत्तीला आलेले काका नव्या पोराला म्हणतात ते यांतलं एकही नसतं. ते म्हणतात, “घालायचं असतं, बाळा.” असतं म्हणजे रीत आहे, माझ्या आधीपासून आहे. नियम सांगण्याची याहून मऊ आणि याहून पक्की रीत मला माहीत नाही.

‘आज तसं होऊ देऊ नको.’ तीन क्रियापदं सलग उभी आहेत. घटना ‘होऊ’मध्ये, तिला वाट मोकळी करणारा ‘देऊ’मध्ये, आणि त्याला थांबवणारा ‘नको’मध्ये. चूक तू करशील असं वाक्य म्हणत नाही. चूक होऊ बघेल, तिला वाट देणं न देणं तुझ्या हाती आहे. ‘चूक करू नको’पेक्षा यात समोरच्याचा मान कितीतरी राखला आहे, आणि जबाबदारीही जास्त दिली आहे: आता त्याला स्वतःच्या चुका टाळून भागणार नाही, आपोआप होणाऱ्या चुकांवरही नजर ठेवायची आहे. ‘नको’च्या जागी ‘नये’ चाललं नसतं. ‘नये’ हे मोठं एकाकी क्रियापद आहे. ते दुसऱ्या क्रियापदाच्या आधारानंच जगतं आणि बहुधा कोणालाच उद्देशून बोलत नाही. ‘चालत्या मशीनमध्ये हात घालू नये’ असं फलक म्हणतो. ‘घालू नको’ म्हणायला समोर माणूस लागतो.

आणि या बोलण्याला उत्तर काय येतं? इथं पिंपरी-चिंचवडचं वेगळेपण सुरू होतं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६६ साली टेल्को आली, पुढं चाकणला मोटारींचे कारखाने उभे राहिले, आणि प्रत्येक टप्प्यावर नव्या नव्या जिल्ह्यांतून माणसं येत गेली. “पोरगा टेल्कोत लागला” हे वाक्य एका पिढीत सातारा-सोलापूरच्या कितीतरी घरांत बोललं गेलं. त्या माणसांबरोबर त्यांची सहायक क्रियापदंही आली. ‘लक्ष आहे का?’ असं विचारलं तर हवेली-खेडचा मुलगा म्हणेल, “बघतोय की.” लातूर-सोलापूरकडचा म्हणेल, “बघायलोय.” यवतमाळचा म्हणेल, “पाहून राहिलो ना.” धुळ्याकडचा अहिराणी बोलणारा आपल्या गाववाल्याला ‘देखी राह्यनू’ म्हणेल. चालू असलेली क्रिया सांगायला एकानं ‘आहे’ घेतलं, दोघांनी ‘राहणं’, आणि ‘बघायलोय’मध्ये मला ‘लागणं’चा झिजलेला आवाज ऐकू येतो, तोच टेल्कोत लागणारा ‘लाग’.

यांत अडखळण्याच्या जागाही खऱ्या आहेत. पुण्याच्या कानाला ‘काम राहिलं’ म्हणजे झालं नाही. विदर्भाच्या कानाला ‘काम करून राहिलो’ म्हणजे चालू आहे. एकच ‘राहणं’, एकीकडं काम थांबलेलं, दुसरीकडं काम सुरू. हिंदी बोलणारा ड्रायव्हर मराठी शिकतो आणि ‘गाडी आ गई’चं ‘गाडी येऊन गेली’ करतो. स्टोअरमधला माणूस समजतो, गाडी आली आणि परत गेली. हिंदीत अशी जोडक्रियापदं मराठीपेक्षा बरीच जास्त वापरली जातात, हे पीटर हुक यांनी भारतीय-आर्य भाषांची तुलना करून दाखवलं होतं. जिथं हिंदी ‘आ गया’ म्हणते, तिथं मराठी ‘आला’वर थांबते. मराठी ‘येऊन गेला’ म्हणते तेव्हा तिला खरंच येणं आणि जाणं दोन्ही सांगायचं असतं.

यांतलं एक रूप शुद्ध आणि बाकीची गावठी, असं चिखली-मोशीच्या शाळांत मुलांना सांगितलं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं. ‘पाहून राहिलो’मध्ये क्रियेत मुक्काम करण्याची जी कल्पना आहे, ती ‘पाहतोय’मध्ये नाही. ‘बघायलोय’मध्ये कामाला भिडल्याची जी धग आहे, तीही ‘बघतोय’मध्ये नाही. एका मशीनभोवती उभी असलेली तीन-चार जिल्ह्यांची माणसं चालू क्षणाकडं तीन-चार बाजूंनी बघतात, आणि मराठी हे सगळं एकाच वेळी सामावून घेते. रजिस्टरात शेवटी ‘काम सुरू आहे’ एवढंच लिहिलं जातं. ते बरोबरच आहे, कारण रजिस्टर पुण्याच्या ऑडिटरनंही वाचायचं असतं. पण नव्या ऑपरेटरनं पहिला पीस गेजमध्ये धरून “पाहून राहिलो, दादा, तुम्ही जा” म्हटलं, की जाणाऱ्याला त्यातलं राहणं नीट कळतं, आणि तो बसकडं वळतो.